जुन्या गाडीत वास येणारच?

“गाडी नऊ-दहा वर्षांची झाली, साहेब. थोडाफार वास येणारच.” केबिनमध्ये धुराचा वास येतो म्हणून गॅरेजची पायरी चढलेल्या माणसाला हे उत्तर इतक्या वेळा मिळतं, की आता गाडीमालकच ते एकमेकांना ऐकवू लागलेत. जोडीला तयार सल्ले असतात. डॅशबोर्डवर सुगंधी डबी ठेवा. एसी रिसर्क्युलेशनवर टाका. मागची काच बोटभर खाली घ्या. आणि पीयूसी पास आहे ना, मग कशाला जिवाला घोर? हे सगळं अनुभवी, समजूतदार आवाजात सांगितलं जातं. त्यातलं बहुतेक चुकीचं आहे आणि काही तर धोका वाढवणारं आहे.

वयाची सबब आधी निकालात काढू. रबर कडक होतं, पत्रा गंजतो, स्टड झिजतात, हे खरं. पण वय हे बिघाडाचं कारण झालं, तो तसाच ठेवण्याची परवानगी नव्हे. ब्रेकचे लायनर वयानेच संपतात. तेव्हा कुठलाही मिस्त्री “जुनी गाडी आहे, थोडा ब्रेक कमी लागणारच” असं म्हणत नाही. इंजिनच्या हेडपासून मागच्या बंपरखालच्या टोकापर्यंत धुराला एकच बंद वाट दिलेली असते: मॅनिफोल्ड, फ्लेक्सी पाइप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सर. केबिन ही वेगळी पेटी. पुढे फायरवॉल, खाली फ्लोअर, मागे डिकीचं बीडिंग. मग आत वास येतो तेव्हा प्रश्न दोन असतात: धूर कुठून निघतोय आणि कुठून शिरतोय? आपल्याकडे झाला तर पहिल्याचाच शोध होतो. दुसरा कुणी विचारतच नाही, आणि माझं भांडण मुख्यतः त्याबद्दल आहे.

एक युक्तिवाद मात्र शिकल्या-सवरल्या लोकांकडून येतो, म्हणून तो जास्त घातक. ते म्हणतात, जीव घेणारा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो. तुम्हाला वास येतोय, म्हणजे तुम्हाला त्रास देणारं दुसरंच काही आहे. यातली पहिली दोन विधानं बरोबर, तिसरं साफ खोटं. सायलेन्सरमधून वायू वेगवेगळे बाहेर पडत नाहीत. अर्धवट जळलेलं इंधन, नायट्रोजनची ऑक्साइडं, अल्डिहाइडं आणि कार्बन मोनॉक्साइड ही सगळी एकाच झोतात येतात. नाकाला पहिल्या तिघांची चाहूल लागते आणि चौथा त्यांच्याबरोबर मुकाट आत येतो. वास येतो तेव्हा झोत आत पोचला आहे, एवढं नक्की समजावं.

उलट वास न येणं हे अभय नाही. नाक काही मिनिटांत सरावतं. म्हणून तासभर गाडी चालवणारा “मला तर काही येत नाही” म्हणतो आणि वाटेत चढलेली मावशी दार लावताच पदर नाकाला लावते. अशा वेळी मावशीचं ऐकावं. सुगंधी डबी तर गुन्हेगाराला सोडून साक्षीदाराचं तोंड बंद करते.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर त्याचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात. म्हणजे सकाळच्या प्रवासात साठलेलं पुरतं उतरायच्या आत दुपारचा परतीचा प्रवास सुरू होतो. सुरुवातीची लक्षणं कुणाला घाबरवणारी नसतात: जड डोकं, मळमळ, गळाठा, थोडं गरगरणं. आपण त्याला सरळ “गाडी लागली” म्हणतो आणि आवळासुपारी चघळायला देतो. बहुतेक वेळा ती खरोखर लागलेलीच असते, ताम्हिणीच्या वळणांवर कुणालाही लागेल. पण टोलनाक्याच्या रांगेत गाडी नुसती उभी असताना डोकं धरत असेल, एकट्या पोराचं नव्हे तर सगळ्यांचं धरत असेल आणि खाली उतरून थोड्या वेळाने बरं वाटत असेल, तर घाटाला दोष देऊ नका.

आता पीयूसी. ही चाचणी गाडीबाहेरच्या शहरासाठी आहे, गाडीतल्या माणसासाठी नाही. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे ०.३ टक्के. दहा लाख भागांत तीन हजार भाग. आपल्याच देशाचं बाहेरच्या हवेचं २००९ चं मानक एका तासासाठी घनमीटरला ४ मिलिग्रॅम सांगतं, म्हणजे दहा लाखांत साधारण साडेतीन भाग. हिशेब करा: पीयूसीत काठावर पास झालेल्या गाडीचा धूर आठशे पटींहून जास्त पातळ झाला, तरच तो या मानकात बसतो. रस्त्यावर तो तसा होतो, कारण वर आभाळ मोकळं असतं. काचा बंद केलेल्या केबिनमध्ये तो पातळ कशाने होणार? शिवाय यंत्राची नळी सायलेन्सरच्या शेवटच्या टोकात घालतात. मॅनिफोल्डपाशी तडा गेला असेल तर तिथून निसटलेला धूर मोजला जात नाही, आणि तडा मधल्या जोडावर असेल तर तिथून आत ओढली गेलेली हवा नमुना पातळ करून आकडा उलट सुधारते. पीयूसीच्या कागदावरून केबिनबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

‘चेक इंजिन’चा दिवा लागला नाही, म्हणून निश्चिंत असणारेही आहेत. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर धुराच्या दोन ठोक्यांच्या मध्ये बाहेरची हवा त्या फटीतून आत खेचली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रणात हवा जास्त झाली, मग संगणक पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडतं, धूर घट्ट होतो. दिवा लागायला मात्र ही दुरुस्ती ठरावीक हद्दीबाहेर जावी लागते, आणि तोवर गाडी तुम्हाला काहीच सांगत नाही.

रिसर्क्युलेशन आणि काच या दोन सल्ल्यांना एकत्र उत्तर द्यायला हवं, कारण दोन्ही कधी कधी बरोबर असतात आणि म्हणूनच फसवतात. ब्लोअर बाहेरची हवा घेतो ती पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून, बॉनेटच्या मागच्या कडेला लागून. गळती बॉनेटखाली असेल तर ताजी हवा म्हणून तोच धूर आत येतो आणि रिसर्क्युलेशनने वास थांबतो. पण धूर मागून शिरत असेल तर गोष्ट उलटी होते. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो आणि डिकीच्या फटी शोधतो. ब्लोअर बाहेरची हवा आत भरत असेल तर केबिनमधला दाब किंचित वाढतो आणि धूर बाहेर राहतो. रिसर्क्युलेशन लावलंत की तो दाब गेला. मागची काच उघडलीत की आतली हवा बाहेर खेचली जाते आणि तिची भरपाई डिकीकडून होते. लांब पाइप किंवा पडद्याचे रॉड नेण्यासाठी डिकी अर्धी उघडी बांधून पुढच्या काचा मिटून जाणारे तर धुराला निमंत्रणच देतात.

हे नुसतं पुस्तकी नाही. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोररच्या २०११ पासूनच्या मॉडेल्समध्ये केबिनमध्ये धूर येतो अशा हजारो तक्रारी झाल्या. तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जुलै २०१६ मध्ये चौकशी सुरू केली. जुलै २०१७ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या पोलिसांनी आपल्या सुमारे चारशे गाड्या रस्त्यावरून काढून घेतल्या. जोरात ॲक्सिलरेटर दाबलेला असताना, एसी रिसर्क्युलेशनवर असताना वास वाढतो, असं चित्र पुढे आलं. कंपनीने मोफत देऊ केलेल्या दुरुस्तीत इंजिनला हात लावलाच नव्हता: मागचा भाग सील केला, मागच्या दारातल्या पाणी निचऱ्याच्या झडपा बदलल्या आणि एसीचं प्रोग्रॅमिंग बदलून बाहेरची हवा जास्त घ्यायला लावली.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, जानेवारी २०२३ मध्ये ती चौकशी मूळ दोष न सापडता बंद झाली की! झाली. पण का, तेही वाचावं. मोजक्या पोलिसी गाड्या सोडल्या तर विषारी वायूची पातळी मान्य मर्यादेपलीकडे आढळली नाही. आणि त्या मोजक्या गाड्यांत काय निघालं? मागून धडक बसल्यावर नीट न मिटलेल्या फटी, आणि दिवे-वायरलेस बसवताना पाडून तशीच सोडलेली भोकं. मूळ गाडी निर्दोष होती, भोकं नंतरची होती. आपल्या गाड्यांचा इतिहास बघा: मागून ठोकल्यावरचं डेंटिंग-पेंटिंग, रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर, ॲम्प्लिफायर, सीएनजी किट. त्या अमेरिकी चौकशीने माझ्याच बाजूची साक्ष दिली आहे.

आता शोध कसा घ्यावा. काम अवघड नाही, फक्त घाई केलेली चालत नाही. गाडी मोकळ्या मैदानात न्या, जवळपास दुसरं चालू वाहन नको. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतील, कारण वास पुढच्या टेम्पोचा होता हे कळेल. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये किंवा शटर लावलेल्या गॅरेजात हा प्रयोग अजिबात करू नका. गाडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवा, काचा बंद, ब्लोअर पूर्ण, हवा बाहेरची. सायलेन्सरचा धूर वाऱ्याने मागे जातोय, तरीही आत वास आला तर गळती बॉनेटखाली आहे. मग रिसर्क्युलेशन लावून बघा. वास विरला तर संशय पक्का. इथे काही नसेल तर सरळ रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवा. चढावर, वेगात, मागची काच थोडी उघडल्यावर वास वाढतो का? वाढला तर डिकीकडे वळा. दोन्हीकडे येत असेल तर फ्लोअरखाली बघायला गाडी रॅम्पवर घ्यावी लागेल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, हे मराठी माणसाला अजून सांगावं लागतं.

वासाची जातही ओळखायला शिकावं. कुजलेल्या अंड्याचा वास आला तर मिश्रण घट्ट आहे आणि कन्व्हर्टरवर ताण येतोय. गोडसर, चिकट वास आणि काचेवर आतून धुरकट थर म्हणजे हीटर कोअरमधून कूलंट गळतोय. जळक्या तेलाचा वास सिग्नलला थांबल्यावर येतो आणि गाडी हलली की जातो, तेव्हा टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलेलं असतं आणि तेल गरम मॅनिफोल्डवर ठिबकत असतं. कच्च्या पेट्रोलचा वास हा वेगळा आणि तातडीचा मामला, तिथे प्रश्न आगीचा आहे. यांतलं कुठलंही ‘सायलेन्सर बदला’ने बरं होत नाही, तरी बिल मात्र त्याचंच होतं.

मॅनिफोल्डचा तडा कानाला आधी कळतो. पहाटे थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक आवाज येतो, दहा मिनिटांत लोखंड तापून फुगतं, फट मिटते, आवाज बंद. गाडी गॅरेजला पोचते तेव्हा ती तापलेली असते आणि मिस्त्री म्हणतो, “काही नाही हो.” त्यासाठी गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून सकाळी पहिला सेल मारताना मिस्त्रीला शेजारी उभं करावं. डिझेल गाडीत आणखी एक जागा बघायची असते: इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर. तो बसला की सिलिंडरमधला धूर इंजेक्टरच्या कडेने चक-चक करत निघतो आणि भोवती डांबरासारखा काळा थर जमतो. हेड, मॅनिफोल्ड आणि पाइपच्या जोडांवर काजळीची रेघ दिसली की तिथे बोट ठेवायचं. दिसत नसेल तर इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्युम क्लीनरचं फुंकणारं तोंड सायलेन्सरच्या टोकाला लावून जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे खोटं बोलत नाहीत. चांगल्या गॅरेजकडे यासाठी धूर सोडणारं यंत्रही असतं.

मागच्या बाजूला तपासायचं ते बीडिंग. डिकीच्या कडेत कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथे दाब नाही. रात्री डिकीत पेटती बॅटरी ठेवून बाहेरून फिरा, टेललॅम्पच्या कडेने उजेड झिरपला तर तिथलं गॅस्केट गेलं. फ्लोअरमधल्या भोकांना रबरी ग्रोमेट असतात, ते एकेक करून बघा. मागच्या बंपरआड केबिनची हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. त्या एकाच दिशेने उघडायला हव्यात. डेंटिंगनंतर त्या मोडून पडलेल्या असतात किंवा बसवलेल्याच नसतात, आणि कुणाला त्या आठवत नाहीत.

दुरुस्तीबाबत एवढंच की लिंपण ही दुरुस्ती नव्हे. पेट्रोल गाडीचा मॅनिफोल्ड सहाशे अंशांच्या पुढे सहज तापतो. नळाच्या जोडाला लावायची पुट्टी तिथे एका प्रवासात झडते. मॅनिफोल्डची बैठक सरळ आहे का ते पट्टी धरून बघणं, तुटके स्टड काढणं, नवं गॅस्केट टाकून ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोराने आवळणं, हे केल्याशिवाय उपयोग नाही. फ्लेक्सी पाइप वर्षात दुसऱ्यांदा फाटला तर दोष पाइपचा नाही. इंजिनचं माउंटिंग बसलेलं असतं किंवा सायलेन्सर लटकवणारी रबरं तुटलेली असतात, आणि सगळा हेलकावा फ्लेक्सी खातो. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला की पिकअप सुधारतो म्हणणाऱ्यांना हात जोडावेत. धुरातलं विष कमी करणारी एकमेव वस्तू काढून वर वासाची तक्रार करायची, हा प्रकार केवळ बेकायदा नाही, मूर्खपणाचा आहे.

“आमची डिझेल आहे, आमची सीएनजी आहे, आम्हाला भीती नाही” असंही ऐकू येतं. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड कमी असतो, मान्य. पण २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकला. केबिनमध्ये तो हुंगत बसण्यात शहाणपणा नाही. सीएनजीचं उलटं आहे. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, पण जळल्यावर तो वास जातो, काजळीही नसते. म्हणजे मिश्रण बिघडून कार्बन मोनॉक्साइड वाढला तरी नाकाला फारशी सूचना नाही. बाहेर बसवलेल्या किटसाठी डिकीच्या फ्लोअरला भोकं पाडतात, त्यांत ग्रोमेट आहेत का हे पासिंगच्या वेळी नव्हे, तुम्ही स्वतः वाकून बघायचं आहे.

खरी काळजी वाटते ती व्हॅनची. मारुतीची ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत बनत होती, आणि तिची जागा घेणारी ईको आजही बनते. दोन्हींत इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे केबिनच्याच पोटात. सीट उचलली की इंजिन. मध्ये काय? एक पत्र्याचं झाकण, त्याच्या कडेचं रबर आणि क्लिपा. प्रत्येक सर्व्हिसिंगला ते झाकण निघतं, रबर चेपतं, एखादी क्लिप हरवते. इथे मॅनिफोल्डमधून गळणाऱ्या धुराला आत यायला डिकीतून फेरा घालायची गरजच नसते. आणि या गाड्या महाराष्ट्रभर शाळेची पोरं वाहतात, पावसाळ्यात काचा बंद करून. त्या झाकणाचं रबर किती रुपयांचं असतं? पण ते बदलायला सांगणारा एकही कागद कुणाच्या हातात नाही. खासगी गाडीला तर पहिली पंधरा वर्षं नोंदणी चालते, मध्ये फिटनेसची विचारणाच नाही. परिवहन खात्याला मागणी एवढीच आहे: शाळेच्या प्रत्येक व्हॅनच्या फिटनेस तपासणीत बंद काचांत इंजिन चालू ठेवून केबिनमधला कार्बन मोनॉक्साइड मोजा आणि तो आकडा प्रमाणपत्रावर छापा. यंत्र हातात मावतं.

तुम्ही स्वतः मीटर घेणार असाल तर आकडा दाखवणारा घ्या. घरगुती अलार्मच्या अमेरिकी मानकाप्रमाणे दहा लाखांत ७० भागांना भोंगा वाजायला एक ते चार तास लागले तरी चालतं, त्यामुळे त्याच्या गप्प बसण्याला अर्थ नाही. गाडीतून उतरल्यावर डोकं दुखत असेल आणि डॉक्टरकडे गेलात, तर गाडीतल्या धुराचा उल्लेख आपणहून करा आणि रक्तातलं कार्बोक्सिहिमोग्लोबिन तपासायला सांगा. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर या वायूने भरलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनचं समजतो आणि ९८ दाखवून मोकळा होतो.

गॅरेजला पुढच्या वेळी जाल तेव्हा जॉब कार्डवर “वास येतो” एवढं लिहून सही करू नका. धूर कुठून निघत होता आणि आत कुठून येत होता, अशा दोन ओळी लिहायला लावा. गाडी परत घेताना दोन्हींपुढे उत्तर नसेल तर ती तिथेच ठेवा आणि बसने घरी या.